पुडकं सोडायचं नसतं

टेकडीच्या पोटात घुशींचं राज्य होतं आणि त्या राज्यात रिकामी जागा उरली नव्हती. बिळं काही कमी नव्हती. माती भुसभुशीत आणि नखं धारदार असल्यावर बिळांना काय तोटा? पण प्रत्येक बीळ जमिनीपासून छतापर्यंत पुडक्यांनी भरलेलं होतं. पळसाच्या पानात गुंडाळलेली आणि वर मुळीची गाठ मारलेली पुडकी. घरातली मंडळी उभ्यानं जेवत, उभ्यानं झोपत, आणि कुणाला कूस बदलायची झाली तर त्याला आधी सगळ्यांना सांगावं लागे. पाहुणे आले की घरातल्यांपैकी कुणीतरी बाहेर जाऊन उभं राही.

याला कारण तिथल्या घुशींचा मानी आणि मायाळू स्वभाव. कुणाकडे रिकाम्या हातानं जायचं नाही आणि कुणाला रिकाम्या हातानं परत पाठवायचं नाही, हा तिथला शिरस्ता. बारसं असो, नव्या बिळाची वास्तुशांत असो, नाहीतर कुणाचा नुसता पाय मुरगळलेला असो, जाताना एक पुडकं न्यायचं आणि येताना एक घेऊन यायचं. परतफेड नेहमी थोडी वाढवून करायची. पुडकी कमी पडली तर घरातलंच काहीबाही पानात बांधून भर घालायची. फक्त मिळालेलं पुडकं सोडायचं नाही. सोडून बघणं म्हणजे हावरटपणा, आणि सोडलेलं पुडकं पुढे देता येत नाही हेही आहेच. तेव्हा आत काय आहे हे देणाऱ्याला माहीत नसे, घेणाऱ्याला माहीत नसे, आणि तरी घेणारा म्हणे, "अहो, कशाला एवढं!" आणि देणारा म्हणे, "एवढं काही नाही हो!" यात देणाऱ्याचंच म्हणणं खरं असे, पण ते त्यालाही ठाऊक नसे.

मग टाकून द्यावीत ना पुडकी? छे छे! प्रेमानं दिलेली भेट टाकायची? तसला निर्लज्जपणा त्या राज्यात कुणी ऐकलासुद्धा नव्हता. "असू दे, कुणाला तरी द्यायला होईल," असं म्हणून प्रत्येकजण पोट आत घेई आणि भिंतीला आणखी थोडा चिकटून उभा राही.

अशा त्या राज्यात मथुरा नावाच्या घुशीला दिवस गेले. तिचा नवरा हैबती. नाव एवढं भारदस्त, पण स्वभावानं इतका गरीब की त्यानं कुणाला 'नाही' म्हटल्याचं कुणी कधी ऐकलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या बिळात इतरांपेक्षा चार पुडकी जास्तच.

"अहो, बाळ झाल्यावर ठेवायचं कुठे?" मथुरानं एक दिवस विचारलं.

हैबतीनं मान वळवता येईल तेवढी वळवून इकडेतिकडे पाहिलं. "बघू काहीतरी," तो म्हणाला. आता या 'बघू'चा अर्थ जगातल्या कुठल्याही बायकोला सांगायला नको. मथुरानं ओळखलं की जे काही करायचं ते आपल्यालाच करावं लागणार. तिला महाल नको होता. वीतभर मोकळी जमीन हवी होती, जिच्यावर बाळाची पाठ टेकेल आणि पुढे कधीतरी ते रांगेल.

आधी तिनं सरळ मार्ग धरला. एका दिवसात सात समारंभ गाठले. ओळख असो नसो, आत जाऊन पुडकं दिलं आणि परतीचं पुडकं हातात पडायच्या आत पळ काढला. धापा टाकत घरी आली तर दारात अकरा पुडकी! सातजणांनी परतफेड घरपोच केली होती, आणि चारजणांनी मथुरा आपल्याकडे आली नाही म्हणून रुसून आपली पुडकी आधीच पाठवून ठेवली होती.

मग तिनं लाज गुंडाळून ठेवली. भर दुपारी, सगळं राज्य उभ्याउभ्या डुलक्या काढत असताना, चार पुडकी काखोटीला मारून ती टेकडीच्या पलीकडे गेली आणि करवंदीच्या जाळीत टाकून आली. घरी येऊन पाणी पितेय तोच शेजारचे भिकोबा दारात हजर. अंगभर ओरखडे, मिशीत काटा अडकलेला, आणि हातात चार पुडकी.

"अगं मथुरे, वाटेत पडली होती की गं तुझी! बरं तर बरं, मी मागोमाग होतो."

आता एवढे ओरखडे सोसून आलेल्या शेजाऱ्याला रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? तिनं त्यांना एक पुडकं दिलं. भिकोबांना इतकं भरून आलं की त्यांनी लगेच घरी जाऊन दोन आणून दिली. मथुरानं कपाळावर हात मारून घ्यायला हात वर नेला, तर तो वरच्या पुडक्यांत अडकला.

दिवस भरले आणि मुलगी झाली. गोरीगोमटी, गुबगुबीत, आणि झोपेला अशी पक्की की कानाशी ढोल वाजवला तरी हूं की चूं करायची नाही. तिथल्या रिवाजाप्रमाणे तिला पळसाच्या कोवळ्या पानात घट्ट गुंडाळली, वरून मऊ मुळी बांधली आणि जमिनीवर जागा नव्हती म्हणून पुडक्यांच्या राशीवर ठेवली. मथुरा रात्रंदिवस राशीला टेकून, एक हात वर बाळावर ठेवून उभी राही. हात दुखे, पण बाळाचा श्वास बोटांना लागे तेव्हा तिला बरं वाटे.

बाराव्या दिवशी बारसं आलं. सकाळपासून पाहुण्यांची ही रीघ! प्रत्येकाच्या हातात पुडकं. रास वाढत वाढत छताला टेकली. हैबतीची थोरली बहीण आवडा, म्हणजे बाळाची सख्खी आत्या, नाव ठेवायला आली ती घाईतच. तिला त्या दिवशी आणखी तीन ठिकाणी जायचं होतं. तिनं बाळाच्या कानात कुर्र केलं, 'सगुणा' नाव ठेवलं आणि लाडानं गालाला बोट लावलं तर बाळ कडाडून चावलं.

"अगं बाई, दात आले की गं हिला!" बोट चोखत आवडा म्हणाली. बाळाच्या तोंडावर पान ओढून तिनं ते परत राशीवर ठेवलं. "वेळेवर आले हो. आमच्याकडे सगळ्यांना बाराव्या दिवशीच येतात. बरं, मी निघते."

"वन्सं, थांबा, पुडकं घेतल्याशिवाय जायचं नाही!" मथुरा पाहुण्यांच्या गर्दीतून ओरडली. तिला भिकोबांनी गाठलं होतं आणि ते मिशीतल्या काट्याची हकिगत सुरुवातीपासून सांगत होते. "अहो, वन्सांना पुडकं द्या!"

हैबती पाहुण्यांना नमस्कार करण्यात गुंतला होता. त्यानं मागं न बघता हात मागं नेला, राशीवरचं हाताला लागलं ते पुडकं उचललं आणि बहिणीला दिलं.

"अय्या, ऊबदार आहे रे!" आवडा म्हणाली. "आणि केवढं जड! कशाला एवढं!"

"एवढं काही नाही गं," हैबती म्हणाला.

पाहुणे पांगल्यावर मथुरा बाळाला पाजायला राशीकडे वळली. तिनं वर हात नेला. बोटांना नुसतं पान लागलं, थंडगार. शेजारचं पुडकंही तसंच. तिनं सगळी रास चाचपली आणि नवऱ्याकडे पाहिलं. हैबतीनं आपल्या हाताकडे पाहिलं. तो मटकन खाली बसला. म्हणजे बसायला गेला. जागा नसल्यामुळे मध्येच लटकला.

मथुरा तशीच धावत सुटली. आवडा नुकतीच घरी येऊन दारात पाय चोळत उभी होती.

"वन्सं, सकाळी दिलेलं पुडकं कुठाय?"

"कुठाय म्हणजे काय? जपून ठेवलंय. तुमच्या हातचं ते. जन्मात कुणाला द्यायची नाही मी."

"दाखवा."

असं आजवर त्या राज्यात कुणी कुणाला म्हटलं नव्हतं. आवडाचा चेहरा पडला. तिनं राशीतलं एक पुडकं उचललं, ठेवलं, दुसरं उचललं. "हे बघ, हेच असेल. नाहीतर ते मागचं..."

"वन्सं, त्यात सगुणा होती."

आवडानं तोंडात बोट घातलं, ते चावलेलं निघालं म्हणून दुसरं घातलं. "तरीच म्हटलं, ऊबदार कसं!" मग आवाज खाली आणून ती पुटपुटली, "दुपारी पलीकडच्या तात्यांच्या नव्या बिळाच्या शांतीला दिलं गं." आणि एवढं बोलून तिनं असा गळा काढला की आसपासच्या बिळांतून माना बाहेर आल्या. "सख्खी आत्या ना गं मी! आणि अशी कशी गं मी!"

तात्यांच्या घरीही तोच प्रकार. "तुमचं पुडकं? देवापुढे ठेवलंय!" मथुरानं दाखवा म्हटल्यावर तात्या खोकायला लागले. आवडानं त्यांना दरडावलं तेव्हा कुठे कळलं की त्यांनी ते अख्खं राज्य ज्यांना मामंजी म्हणे त्या पाय मुरगळलेल्या म्हाताऱ्यांना पाठवलं. मामंजी म्हणाले, उशाशी आहे. उशी नव्हती, पुडकं कुठून असणार? त्यांनी ते सेनापतींना पाठवलं होतं. "जरा हलत होतं," मामंजींनी कबूल केलं, "पण मी म्हटलं, असेल काहीतरी भारीतलं." बाळ हरवल्याचं ऐकून प्रत्येकाला घाम फुटे, पण पुडकं पुढे सरकवल्याचं कबूल करताना त्यांना त्याहून जास्त घाम फुटे. त्या घाम पुसण्यात मथुराचा किती वेळ जात होता, हे कुणाच्या ध्यानात येत नव्हतं.

सेनापती मात्र शूर गडी. त्यांनी एका दमात सांगून टाकलं, "महाराजांच्या वाढदिवसाला नजर केलं. आत्ताच." आणि मग शौर्य संपल्यामुळे ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

हे ऐकून मथुरा तिथूनच राजवाड्याकडे पळत सुटली. कारण महाराजांकडे गेलेलं पुडकं पुढे जात नसे. महाराजांच्या वर कोण आहे, द्यायचं कुणाला? सात पिढ्यांची पुडकी राजवाड्यातच थांबली होती. वाडा असा गच्च भरला होता की महाराज गेली अकरा वर्षं उंबऱ्यावर बसून राज्य करत होते. वाड्याच्या डोक्यावर एक झरोका होता. भालदार नवी पुडकी त्यातून आत ढकलून देत आणि ती घरंगळत कुठे जात ते देवाला ठाऊक.

मथुरा उंबऱ्याशी पोचली तेव्हा तिच्यामागे हैबती, आवडा, तात्या, लंगडणारे मामंजी, भिकोबा आणि जवळजवळ सगळं राज्य गोळा झालं होतं.

"महाराज, माझं बाळ आत आहे. पुडकी सोडावी लागतील."

महाराज मनानं वाईट नव्हते. त्यांचे डोळे पाणावले. "बाई, तुझं दुःख मला कळतं. तू म्हणशील तेवढी पुडकी मी तुला देतो. पण सोडायचं नसतं गं."

"का नसतं?"

"सोडलं तर सगळ्यांना कळेल."

"काय कळेल?"

महाराजांनी आवाज बारीक केला. "कुणी कुणाला काय दिलं ते."

जमलेल्या सगळ्यांनी आपापल्या पायांच्या नखांकडे पाहिलं. महाराजांनी हैबतीकडे मोर्चा वळवला. "हैबतराव, तुम्ही समजूतदार आहात. बायकोची समजूत घाला आणि घरी घेऊन जा. जाताना एक पुडकं घ्या."

"नाही," हैबती म्हणाला.

तो शब्द त्याच्या तोंडून इतक्या मोठ्यानं निघाला की त्याचा तोच दचकला. चांगला लागला असावा, कारण त्यानं तो आणखी दोनदा म्हटला. मग त्यानं महाराजांच्या काखेत हात घातले, त्यांना उंबऱ्यावरून उचललं आणि अलगद बाजूला ठेवलं. अकरा वर्षांनी महाराज आपल्या पायांवर उभे राहिले. त्यांना वाटलं त्यापेक्षा ते बुटके होते.

मथुरानं पहिल्या पुडक्याची गाठ दातांनी तोडली. आत चिंचेचं टरफल निघालं. दुसऱ्यात डबीचं झाकण. तिसऱ्यात डबी होती, पण झाकण तिचं नव्हतं. चौथ्यात पुडकं, त्या पुडक्यात पुडकं, त्यात नुसतीच गाठ. मथुराला कशाशीच घेणंदेणं नव्हतं. ती तोडत होती, हुंगत होती आणि मागे भिरकावत होती.

मागे मात्र जो काही कल्ला उसळला, तो विचारू नका! "माझ्या लग्नात टरफल दिलंत तुम्ही?" "मग तुम्ही काय हिरे दिले होतेत? ते झाकण कुणाचं आहे, ते मला बरोबर ठाऊक आहे!" तात्या आणि मामंजी एकमेकांच्या मिशा धरून उभे राहिले. सेनापतींनी राज्याभिषेकाला मोठ्या थाटानं दिलेल्या पुडक्यातून पालीची वाळकी शेपटी निघाली. तेवढ्यात आवडाच्या पायाशी एक पुडकं येऊन फुटलं आणि त्यातून मोडक्या फणीचा एकच दात पडला. गाठ तिच्या स्वतःच्या हातची होती. आवडानं त्या दाताकडे पाहिलं, डोळे पुसले आणि तिला जे हसू फुटलं ते काही केल्या आवरेना. ती हसता हसता भिंतीवर आपटली. तिचं बघून मामंजींनी तात्यांची मिशी सोडली. थोड्याच वेळात सगळं राज्य पोट धरून हसत होतं आणि रडतही होतं, कारण बाळ अजून सापडलं नव्हतं.

"बघत काय बसलात?" हैबती गरजला. "हात लावा!"

उंबऱ्यापासून उतारापर्यंत रांग लागली. मथुरा सोडायची, हैबती मागे द्यायचा, आणि सोडलेला ढीग हातोहात टेकडीखाली जायचा. भिकोबांना सवयीनं दोनदा खाली धावत जाऊन सगळं परत आणावंसं वाटलं. दोन्ही वेळा आवडानं त्यांना शेपटीला धरून ठेवलं. वाड्यातल्या भिंती दिसू लागल्या. महाराजांनी एका भिंतीला हात लावून पाहिला आणि ही आपलीच का, असं भालदाराला विचारलं.

खालच्या थरांत मथुराला एक कुरतडलेलं पुडकं लागलं. पानाला दोन इवल्या दातांचं भोक. त्याच्या खाली दुसरं, तसंच. ती "सगुणे! सगुणे!" अशा हाका मारत सुटली. पण ते नाव सकाळीच ठेवलेलं. ते आपलं आहे हे बाळाला कुठून कळणार? मथुरा भोकाभोकानं खाली सरकत गेली. सहाव्या पिढीची पुडकी मागे पडली, मग पाचवीची, मग तिसरीची. अगदी तळाशी, जिथे सगळ्यात पहिलं पुडकं ठेवलं गेलं असेल तिथे, वीतभर मोकळ्या जमिनीवर सगुणा बसली होती. तिच्या गालावर माती होती, आणि पुढ्यात जुन्या काळ्या पानाच्या चिंध्या. ती दोन्ही हातांत काहीतरी धरून कुडुमकुडुम खात होती.

मथुरानं तिला उराशी धरलं आणि इतका वेळ आवरलेलं सगळं रडू रडून घेतलं. हैबती दोघींना कवटाळून तिच्याहून मोठ्यानं रडला. सगुणाला दोघांच्या मध्ये चेंगरायला झालं, पण तिनं हातातला तुकडा सोडला नाही.

"काय खातेय ती?" वरून वाकून महाराजांनी विचारलं.

मथुरानं उजेडाकडे धरून पाहिलं. भाकरी होती. दगडासारखी कडक झालेली, पण भाकरीच. थापणारीची बोटं तिच्यावर अजून उमटलेली होती. पहिल्या महाराजांना कुणीतरी ती तव्यावरून काढून, गरम राहावी म्हणून पानात गुंडाळून दिली असावी, आणि ते संकोचानं "कशाला एवढं" म्हणाले असावेत.

महाराज हळूहळू खाली उतरले आणि बाळासमोर मांडी घालून बसले. बसायला जागा होती. मागून सगळं राज्य माना लांब करून बघत होतं. सगुणानं त्यांच्याकडे नीट निरखून पाहिलं, भाकरीचा एक कोपरा कडकन मोडला आणि लाळेनं भिजलेला तो तुकडा, पान नाही, मुळी नाही, तसाच उघडा त्यांच्यापुढे धरला.

महाराजांनी घशापर्यंत आलेलं "कशाला एवढं" गिळलं. त्यांनी तुकडा घेतला, तोंडात टाकला आणि सगळ्यांच्या देखत बराच वेळ चावला.

"शिळी आहे," ते म्हणाले, आणि त्यांनी पुन्हा हात पुढे केला.